शंभराचे साडेबारा

१ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने देशभरातल्या आरोग्यविमा कंपन्यांना कळवलं, की २०१४ सालच्या हिशेबात तुमचे जे पैसे आमच्याकडे निघतात, त्यातले शंभराला १२ डॉलर ६० सेंट तेवढे मिळतील. कंपन्यांची मागणी होती २.८७ अब्ज डॉलरची. सरकारच्या हातात होते ३६.२ कोटी. कायद्यात मात्र सरळ लिहिलं होतं, की खातं ही रक्कम देईल. तिजोरीत असली तर देईल, जमलं तर देईल, असं त्यात कुठेही नव्हतं.

पुढची साडेचार वर्षं हे भांडण चाललं. तोवर थकबाकी १२ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. शेवटी सुप्रीम कोर्टाने सरकारला ती भरायला लावली.

विमा कंपन्यांचा कैवार घ्यायची मला हौस नाही. क्लेम नाकारताना त्या कुठलं कुठलं कलम उकरून काढतात, हे घरोघरी ठाऊक आहे. पण या भांडणात त्यांची बाजू खरी होती आणि सरकारची खोटी. आणि सरकारने शब्द फिरवला त्याची झळ मोठ्या कंपन्यांना लागलीच नाही. त्यांनी वकील लावले आणि वाट पाहिली. मेल्या त्या लहान कंपन्या, आणि होरपळले ते त्यांच्या भरवशावर असलेले पेशंट. कोर्टात जिंकता येण्यासाठी आधी निकाल लागेपर्यंत जिवंत राहावं लागतं. हे सगळ्यांना परवडत नाही.

मुळात करार काय होता ते बघा. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी नव्या आरोग्य कायद्यावर सही केली. १ जानेवारी २०१४ पासून कुठल्याही विमा कंपनीला जुन्या आजाराच्या नावाखाली माणसाला नाकारता येणार नव्हतं, आणि आजार बघून जास्त हप्ताही लावता येणार नव्हता. हा बदल किती मोठा होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना जवळून माहीत आहे. ग्रीन कार्डावर मुलाकडे एडिसनला किंवा सॅन होजेला गेलेले आई-वडील आठवा. वय पासष्टच्या पुढे, वडिलांची बायपास झालेली, आईला शुगर. मेडिकेअरसाठी त्यांना तिथे सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवर त्यांच्या वाट्याला येत ती प्रवाशांसाठीची पॉलिसी, आणि त्या पॉलिसीत नेमकी बायपास आणि शुगर वगळलेली असे. २०१४ नंतर अशा माणसांना सरकारी बाजारपेठेतून पुरता विमा मिळू लागला. त्यांच्या जुन्या फायली कोणी मागत नाही.

पेशंटच्या दृष्टीने हे उत्तमच. पण कंपनीला दारात कोण येणार याचा अंदाज कुठून येणार? आजवर विम्याबाहेर राहिलेल्या लाखो माणसांची कसलीच आकडेवारी कोणाकडे नव्हती. अंधारात दर ठरवायचा, तर कंपन्या घाबरून तो दुप्पट लावतील, ही भीती रास्त होती. म्हणून कायद्याच्या कलम १३४२ मध्ये तीन वर्षांपुरती एक सोय केली गेली. शेतात वाटेकऱ्याशी अर्धेली करतात ना, तशीच ही नफ्यातोट्यातली अर्धेली होती. अंदाज थोडा चुकला तर कंपनीने सोसायचं. जास्त चुकला तर पुढच्या तोट्यात सरकार वाटा उचलणार. नफा फार झाला तर कंपनीने तेवढाच वाटा सरकारला द्यायचा.

गणित करूनच बघू या, कारण पुढे याच सोयीला ‘कंपन्यांची खैरात’ म्हणून बदनाम केलं गेलं. समजा, हप्त्यांतून कारभाराचा खर्च वजा जाता कंपनीकडे उपचारांसाठी १०० कोटी उरले आणि बिलं आली ११० कोटींची. पहिले ३ कोटी पूर्णपणे कंपनीच्या अंगावर. पुढच्या ५ कोटींत निम्मे सरकारचे, म्हणजे अडीच कोटी. उरलेल्या २ कोटींतले ८० टक्के सरकारचे, म्हणजे १ कोटी ६० लाख. एकूण १० कोटींच्या तोट्यात सरकार देणार ४ कोटी १० लाख, कंपनी सोसणार ५ कोटी ९० लाख. मोठा वाटा कंपनीचाच. याला खैरात म्हणणाऱ्याने एकदा पेन्सिल घेऊन बसावं. शिवाय ही कल्पना ओबामांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. धाकट्या बुश यांच्या काळात, २००३ च्या कायद्याने वृद्धांसाठी औषधांचा विमा आला, त्यात हीच व्यवस्था होती आणि तिथे ती सुरळीत चालली.

इथे ती मोडली, कारण तोटा अपेक्षेहून फार मोठा निघाला. त्यालाही सरकारच कारण होतं. ‘तुमची जुनी पॉलिसी आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील’ असं ओबामांनी लोकांना सांगून ठेवलं होतं. २०१३ च्या शरद ऋतूत लाखोंच्या हातात पॉलिसी बंद होण्याची पत्रं पडली आणि ओरड झाली. मग नोव्हेंबरात सरकारने घाईने परवानगी दिली, की राज्यांची हरकत नसेल तर जुन्या पॉलिसी चालू ठेवा. जुन्या पॉलिसीत राहिला तो बराचसा धडधाकट माणूस. नव्या बाजारात आला तो आजारी. कंपन्यांनी तेव्हा दर ठरवून, मंजूर करून घेऊन, जाहीरही केले होते. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलला, आणि बदलणाऱ्यानेच तोट्यातला आपला वाटा द्यायचं नाकारलं.

ते नाकारणं कसं झालं, हे तर फारच संतापजनक आहे. रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबिओ यांनी २०१३ मध्येच कलम १३४२ रद्द करण्याचं विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही. उघडपणे कायदा रद्द करायचा तर चर्चा होते, मतदान होतं, आपण कोणाचा शब्द मोडतोय ते लोकांना दिसतं. तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये, वर्षभराच्या खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक कलम घुसवलं गेलं, की या देण्यासाठी खात्याने आपला अमुक अमुक निधी वापरायचा नाही. देणं रद्द केलं नाही, सूत्र बदललं नाही, फक्त पैशाची नळी बांधून टाकली. तोवर कंपन्यांचं २०१४ सालचं जवळजवळ सगळं कामकाज उरकलेलं होतं. लोकांवर उपचार झाले होते, बिलं आली होती. पुढची दोन वर्षंही तेच कलम चिकटवत नेलं. रुबिओंनी अध्यक्षपदाच्या प्रचारात याचं श्रेय घेतलं. पण दोष एकट्या त्यांच्या पक्षाचा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेट डेमोक्रॅट पक्षाच्या हातात होतं आणि त्या विधेयकावर सही ओबामांची आहे. आपल्याच कायद्यातलं वचन त्यांनी स्वतः सही करून पोकळ केलं.

आणि मग आला तो १ ऑक्टोबर.

केंटकीतल्या सहकारी विमा कंपनीला ७.७ कोटी डॉलर येणं होतं. मिळणार होते ९७ लाख. पुढच्याच आठवड्यात तिने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिच्याकडे ५१ हजारांच्या आसपास माणसं होती. कोलोरॅडोतली तशीच कंपनी त्याच महिन्यात गेली, तिच्याकडे सुमारे ८० हजार. ओरेगन, टेनेसी, साउथ कॅरोलिना, यूटा, अ‍ॅरिझोना, एकामागून एक. कायद्याने अशा २३ बिननफ्याच्या सहकारी कंपन्या उभ्या केल्या होत्या, त्यांना सुमारे २.४ अब्ज डॉलरची सरकारी कर्जं दिली होती. मोठ्या कंपन्यांना कुणीतरी टक्कर द्यावी, हप्ते खाली यावेत, हा हेतू. २०१५ संपेतो त्यातल्या निम्म्याहून जास्त मिटल्या. सगळ्याच केवळ थकबाकीने गेल्या असं म्हणणं खोटं ठरेल. काहींनी दर फार कमी लावले होते, काहींचा कारभार ढिसाळ होता, काही तर त्या ऑक्टोबरच्या आधीच कोसळल्या होत्या. पण दिवाळखोरीच्या काठावर उभ्या असलेल्या कंपनीला शंभरातले साडेबारा देणं म्हणजे ढकलून देणंच होतं. स्वतः कर्ज देऊन संस्था काढायची, तिला धोका पत्करायला सांगायचं, आणि धोका आला की तिचं येणं रोखायचं. हे कुठल्याही पक्षाच्या अर्थशास्त्रात बसत नाही.

पेशंटचं काय झालं, ते इलिनॉयमध्ये बघा. ‘लँड ऑफ लिंकन’ नावाची तिथली सहकारी विमा कंपनी. तिचं सरकारकडे ७ कोटी डॉलरच्या वर येणं. जुलै २०१६ मध्ये राज्याने तिचा ताबा घेतला आणि ३० सप्टेंबरला तिच्या सगळ्या पॉलिसी संपल्या. सुमारे ४९ हजार माणसं वर्षाच्या अधेमधे उघड्यावर आली. दुसरी पॉलिसी घ्यायची मुभा त्यांना होती. पण अमेरिकन विम्यात डिडक्टिबल नावाची एक गोष्ट असते. दरवर्षी एका ठरावीक रकमेपर्यंत पेशंटने स्वतःच्या खिशातून भरायचं, मग कंपनी भरू लागते. स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेवर वर्षाची मर्यादाही असते. २०१६ साठी एका माणसाची ती कमाल मर्यादा ६,८५० डॉलर होती. समजा, केमोथेरपी चालू असलेल्या एका बाईने जानेवारी ते सप्टेंबर एवढी सगळी रक्कम भरून टाकली आहे. ऑक्टोबरपासून तिचे उपचार फुकट व्हायला हवेत. पण १ ऑक्टोबरला कंपनी बदलली, की मीटर शून्यावर. पुन्हा भरा. तीन महिन्यांनी १ जानेवारी उजाडला, नवं वर्ष, मीटर पुन्हा शून्यावर. वर आपला नेहमीचा डॉक्टर नव्या कंपनीच्या यादीत आहे की नाही, ही वेगळी धास्ती. वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी एका विधेयकात चार ओळी घुसवल्या, त्याचा पैसा असा शेवटी तिच्या पर्समधून गेला.

न्यूयॉर्कमधली सहकारी कंपनी नोव्हेंबर २०१५ अखेर बंद झाली, तेव्हा दोन लाखांवर माणसांना धावाधाव करावी लागली, आणि इस्पितळांची, डॉक्टरांची केलेल्या उपचारांची बिलं तिच्याकडे अडकून पडली.

आता कोर्ट. अमेरिकेत सरकारकडून पैसे मागायचे तर त्यासाठी वेगळं न्यायालय आहे, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात. सरकारने नागरिकाला स्वतःविरुद्ध तत्परतेने न्याय देणं हे दोन नागरिकांमधल्या न्यायाइतकंच त्याचं कर्तव्य आहे, असं अब्राहम लिंकन यांनी १८६१ मध्ये काँग्रेसला कळवलं होतं. ते शब्द या न्यायालयाने आपले मानले आहेत. त्यातला ‘तत्परतेने’ तेवढा या खटल्यांत गळाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ओरेगनच्या बंद पडलेल्या सहकारी कंपनीने सगळ्यांच्या वतीने पहिला दावा लावला. त्याच नोव्हेंबरात ‘लँड ऑफ लिंकन’ हरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या न्यायाधीशाने ओरेगनच्याच ‘मोडा’ कंपनीला २१.४ कोटी डॉलर देणं सरकारवर बंधनकारक ठरवलं. जून २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. सरकारी वकील ओबामांच्या काळातही देणं नाकारत उभे होते आणि ट्रम्प यांच्या काळातही. एरवी आरोग्य कायद्यावरून एकमेकांच्या उरावर बसणारी दोन सरकारं पैसे न देण्यावर मात्र एका सुरात बोलली.

२७ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. आठ विरुद्ध एक. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांचं. कायद्याने देणं निर्माण केलं, तिजोरीची वाट अडवल्याने ते नाहीसं होत नाही, रद्द करायचं तर स्पष्ट शब्दांत रद्द करा, हा त्याचा गाभा. थॉमस आणि गोर्सच यांच्यासारखे कडवे परंपरावादी न्यायमूर्तीही निकालाशी सहमत होते. एकटे अलिटो विरोधात राहिले. त्यांच्या मते धोका हिशेब करून पत्करणाऱ्या धंद्याला हा भला मोठा मदतीचा हात होता. मला हे मत मुळीच पटत नाही. धोक्याचा हिशेब करतानाच तर सरकारने वाटा कबूल केला होता. त्या कबुलीवर विसंबून दर कमी ठेवले गेले आणि त्याचा फायदा हप्ता भरणाऱ्यांना मिळाला.

पैसे आले ते कोर्टाचे हुकूमनामे भागवण्यासाठी कायम उघड्या असलेल्या निधीतून. त्याला दर वर्षीच्या खर्चाच्या विधेयकाची गरज लागत नाही. म्हणजे काँग्रेसने ज्या पैशाची नळी बांधली, तोच करदात्याचा पैसा दुसऱ्या नळीतून, पाच वर्षं उशिरा, पूर्णच्या पूर्ण गेला. वाचलं काहीच नाही. ‘लँड ऑफ लिंकन’ तोवर अवसायनात निघालेली होती. सहकारी बँकांचे अवसायक पाहिलेल्या मराठी वाचकाला अशा वेळी हाती आलेला पैसा कसा वाटला जातो हे सांगायला नको. एकत्रित दाव्यातल्या वकिलांनी १८.५ कोटी डॉलर फी मंजूर करून घेतली होती. ती जास्त आहे म्हणून पुन्हा वेगळं भांडण झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो फीचा आदेश रद्द करून फेरविचाराला पाठवला. दोनदा मीटर शून्यावर आलेल्या पेशंटला परत काही देण्याचा विषय या कुठल्याच खटल्यात नव्हता.

सरकारची स्वतःचं येणं वसूल करतानाची तत्परता मात्र पाहण्यासारखी आहे. कोलोरॅडोची ती कंपनी बुडाल्यावर केंद्र सरकारने तिला दुसऱ्या एका योजनेतून द्यायचे सुमारे २.४५ कोटी डॉलर अडवून ठेवले. आमचं तिच्याकडे येणं आहे, ते आधी कापून घेतो म्हणाले. राज्याच्या अवसायन कायद्यात पेशंट आणि डॉक्टर यांची देणी आधी येतात, सरकारचा नंबर मागे. राज्याच्या विमा आयुक्तांना त्यासाठी केंद्राविरुद्ध वेगळा खटला लढावा लागला. २०२१ मध्ये ते जिंकले. सरकारला रांग मोडता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं.

वचन देऊन पैसे अडवण्याचा हाच प्रकार त्या आरोग्य कायद्याच्या दुसऱ्या एका कलमातही घडला. गरीब ग्राहकांना इस्पितळात कमी पैसे भरावे लागावेत म्हणून कंपन्यांनी सूट द्यायची, सरकारने ती भरून द्यायची. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी हे भरून देणं थांबवलं. सूट देण्याची सक्ती तशीच राहिली. कंपन्यांनी तो बोजा हप्त्यात घातला, हप्ता वाढला तसं हप्त्यावरचं सरकारी अनुदानही वाढलं. पुन्हा खटले, पुन्हा २०२० मध्ये कंपन्यांचा हक्क मान्य, फक्त वाढलेल्या अनुदानाचा फायदा त्यातून वजा.

हे वाचताना आपल्याला परकं काहीच वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या शेकडो खासगी इस्पितळांनी थकलेल्या बिलांपायी आयुष्मान योजनेतले उपचार थांबवले होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची बिलं कधी येणार, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या गावी नर्सिंग होम चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारून बघा. तो सुप्रीम कोर्टापर्यंत जात नाही. तो काउंटरवर पिवळं रेशनकार्ड घेऊन आलेल्या माणसाला ‘आज बेड नाही’ म्हणतो.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. न्यूयॉर्क राज्यात विमा कंपनीने डॉक्टरचं ऑनलाइन आलेलं बिल ३० दिवसांत भरलं नाही, तर तिला वर्षाला १२ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. तसा कायदाच आहे. केंद्र सरकारने त्याच कंपनीचे पैसे पाच वर्षं दाबून ठेवले, तर व्याज शून्य. कायद्यात किंवा करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर अमेरिकी सरकारवर व्याज लागत नाही. त्यामुळे पैसे न देता खटला लांबवणं सरकारला फुकटात पडतं, आणि फुकटात पडतं तोवर ते लांबवत राहणार. काँग्रेसला आरोग्य योजनांमध्ये खासगी किंवा सहकारी कंपन्या सामील करून घ्यायच्याच असतील, तर कलमातच लिहावं: देणं कायम तरतुदीतून, उशीर झाल्यास १२ टक्के व्याज, आणि मधल्या काळात कंपनी बुडाली तर पेशंटने त्या वर्षात खिशातून भरलेली रक्कम पुढच्या कंपनीने जमेस धरायची, तिचा भार सरकारने सोसायचा. या तिसऱ्या अटीसाठी कुठल्याच कंपनीचा वकील कोर्टात उभा राहणार नाही. ती कायदा करणाऱ्यांनाच घालावी लागेल.